गळू : पिकण्याची वाट पाहावी की चीर द्यावी?

केसतोड, करट, बेंड, नखुरडे, रांजणवाडी, काळपुळी! आपल्या भाषेत गळवाला जितकी नावे आहेत, तितकी फारच थोड्या दुखण्यांना असतील. त्यावरचे घरगुती सल्लेही तितकेच. कोणी म्हणते अळशीचे पोटीस बांधा, कोणी म्हणते कांदा भाजून लावा, कोणी म्हणते आंबे बंद करा. एका गोष्टीवर मात्र सर्वांचे एकमत असते : ‘‘पिकू द्या, आपोआप फुटेल. चिरायची घाई नको.’’

बेंगळुरूच्या बसवनगुडी भागातून एका वाचक भगिनींनी याच सल्ल्याबद्दल विचारले आहे. त्यांचे सासरे ६४ वर्षांचे, मधुमेह जुना. मानेखाली पाठीवर आठ दिवसांपूर्वी एक फोड उठला. आता तो तळहाताएवढा झाला आहे आणि त्याला चाळणीसारखी तीन-चार तोंडे पडली आहेत. औषधांच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांचा एक कोर्स संपला, दुसरा चालू आहे. शेजारच्या कानडी आजी म्हणतात, ‘कुरु’ आहे, पिकल्यावर फुटेल. सासरे म्हणतात, ‘‘मधुमेह्याच्या अंगाला सुरी लावली की जखम भरत नाही. मी चीर देऊ देणार नाही.’’ घरातली माणसे कात्रीत सापडली आहेत. त्या भगिनींना ‘आजच शल्यचिकित्सकाकडे न्या’ असे उत्तर लगेच कळवले आहे. पण हा प्रश्न अनेक घरांतला असल्यामुळे येथे त्याचा सविस्तर विचार करू.

हे पत्र ज्या शहरातून आले, त्या शहराच्या इतिहासातच पाठीवरच्या फोडाचे एक मोठे उदाहरण आहे. एके काळी शहाजीराजांची जहागीर असलेले बंगळूर पुढे म्हैसूरच्या हैदरअलीच्या हाती गेले. तेथला किल्ला त्याने दगडी करून घेतला, लालबागेची सुरुवातही १७६० मध्ये त्यानेच केली. इंग्रजांशी दुसरे युद्ध चालू असताना त्याच्या पाठीवर फोड उठला. कोणाचाच उपाय चालला नाही आणि ७ डिसेंबर १७८२ रोजी चित्तूरजवळच्या छावणीत हैदरचा अंत झाला. मुलगा टिपू तेव्हा दूर मलबारात होता. तो येऊन पोचेपर्यंत सैन्यात गडबड होऊ नये म्हणून कारभाऱ्यांनी ही बातमी दडवून ठेवली होती. या दुखण्याला काही लेखक काळपुळी म्हणतात, काही कर्करोगाची गाठ म्हणतात. दोन शतकांनंतर आपण निदान करीत बसण्यात अर्थ नाही, पण काळपुळीने माणूस दगावणे ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती.

त्या किल्ल्याचा जो थोडासा भाग आज उरला आहे, त्याच्या शेजारीच शहराचे जुने व्हिक्टोरिया रुग्णालय आहे. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला ६० वर्षे झाली तेव्हा, १८९७ मध्ये, म्हैसूरच्या राजमातेने त्याचा पाया घातला आणि १९०० मध्ये लॉर्ड कर्झनने त्याचे उद्घाटन केले. ज्या राणीचे नाव या रुग्णालयाला मिळाले, तिलाही गळवाने गाठले होते हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १८७१ साली, वयाच्या ५२व्या वर्षी, तिच्या काखेत मोठे गळू झाले. स्कॉटलंडमधल्या बाल्मोरलच्या राजवाड्यात जोसेफ लिस्टर या शल्यचिकित्सकाला बोलावण्यात आले. जंतुनाशक कार्बोलिकचा फवारा मारीत त्याने चीर दिली आणि पू काढला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो आत पू पुन्हा साचलेला! तेव्हा त्याने फवाऱ्याच्या यंत्राच्या रबरी नळीचा तुकडा कापला, कार्बोलिकमध्ये भिजवला आणि जखमेत बसवला. पू वाहून गेला, जखम भरली, राणी पुढे जवळजवळ ३० वर्षे जगली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की पेनिसिलीनचा शोध लागायला तेव्हा अजून ५७ वर्षे अवकाश होता. प्रतिजैविकाची एकही गोळी न घेता राणी बरी झाली ती चिरेमुळे आणि निचऱ्यामुळे.

पू म्हणजे काय?

कातडीवर, नाकात, केसांच्या मुळाशी जंतू नेहमीच असतात. त्यांतला ‘स्टॅफिलोकॉकस’ नावाचा जंतू गळवाच्या बाबतीत सर्वांत खोडकर. दाढी करताना झालेली जखम, खाजवल्याने निघालेले साल, घट्ट कपड्याचा काच, घामाने बंद झालेले छिद्र, अशी एखादी वाट मिळाली की तो आत शिरतो. त्याला अडवायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. या लढाईत मेलेल्या पेशी, मेलेले व जिवंत जंतू आणि विरघळलेले मांस यांचा जो दाट रस होतो, तोच पू. शरीर मग या पुवाभोवती एक भिंत उभी करते, म्हणजे तो इतरत्र पसरू नये. ही भिंत म्हणजे शरीराने केलेला बंदोबस्तच. पण तीच पुढे औषधाच्या आड येते.

गोळी पोटात घेतली काय किंवा इंजेक्शन टोचले काय, औषध पोचते ते रक्तातून. पुवाच्या पोकळीत रक्तवाहिन्या नसतात. शिवाय तेथे आम्लता वाढलेली असते आणि जंतू सुस्तावलेले असतात, त्यामुळे जे थोडे औषध आत झिरपते तेही नीट काम करीत नाही. म्हणून पू धरलेले मोठे गळू नुसत्या गोळ्यांनी बहुधा बसत नाही. कधी कधी असे मात्र होते की गोळ्यांनी ताप उतरतो, ठणका कमी होतो, आणि आत एक टणक गोळा तसाच राहतो. घरच्यांना वाटते बरे झाले. महिन्याभरात दुखणे पुन्हा डोके वर काढते.

पेनिसिलीन पहिल्यांदा ज्या रुग्णाला उपचार म्हणून देण्यात आले, त्याचे दुखणेही गळवांचेच होते. अल्बर्ट अलेक्झांडर हा इंग्लंडमधला पोलीस शिपाई. चेहऱ्यावरच्या जखमेतून जंतू पसरून त्याच्या डोक्यावर, चेहऱ्यावर गळवे झाली होती, एक डोळा काढावा लागला होता. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डला त्याला पेनिसिलीन टोचले आणि काही दिवसांत ताप उतरला, भूक लागली. पण औषधाचा साठाच इतका तुटपुंजा की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचावे लागले. शेवटी तेही संपले, आणि मार्चमध्ये तो गेला. पुढे आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि हेच औषध देशात तयार होऊ लागले. या औषधांनी लाखो प्राण वाचवले यात शंका नाही. पण ती हाताशी आल्यापासून ‘चीर नको, गोळी द्या’ असे म्हणण्याची सवयही आपल्याला लागली.

कच्चे आणि पिकलेले

‘पिकू द्या’ या सल्ल्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. सुश्रुताने सूजेच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत : कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली. कच्चे गळू अज्ञानाने कापणारा आणि पिकलेल्याकडे दुर्लक्ष करणारा, दोघांनाही त्याने सारखेच दोषी धरले आहे. आपल्या घरांतून या उपदेशाचा पहिला अर्धाच भाग शिल्लक राहिला!

सुरुवातीच्या दिवसांत जागा लाल, गरम आणि कडक असते. आत पू झालेला नसतो. या वेळी चीर देऊन काही निघत नाही. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून दिवसातून तीन-चार वेळा १०-१५ मिनिटे शेकावे. लहानसे केसतोड एवढ्यानेच बसते किंवा फुटून वाहून जाते. अळशीच्या पोटिसाचा गुण आहे तो त्याच्या उबेत. मात्र मधुमेह्याच्या पायाला बधिरपणा असेल तर शेक घेताना कातडी भाजली तरी कळत नाही, त्यांनी पायावर शेक घेऊ नये.

जागा मधोमध मऊ पडली, बोटाने दाबल्यावर आत पातळ पदार्थ हलल्यासारखा वाटला, ठणक्याने रात्री झोप लागेना झाली की पू झाला असे समजावे. मग वाट पाहण्यात शहाणपण नाही. खोल गळवात हा मऊपणा वरून कळत नाही, तेव्हा सोनोग्राफी उपयोगी पडते. ‘आपोआप फुटेल’ हे खरे, पण ते बाहेरच फुटेल याची हमी कोण देणार? आत फुटले तर पू मांसाच्या थरांतून पसरतो. बाहेर फुटले तरी तोंड लहान असल्यामुळे निचरा अर्धवट होतो.

आणि दाबून, पिळून, सुई तापवून फोडण्याचा खटाटोप तर कधीच करू नये. चुना, तंबाखू, टूथपेस्ट, बिब्बा यांपैकी काहीही लावू नये. बिब्ब्याने कातडी भाजून दुसरीच जखम होते. वरचा ओठ, नाक आणि नाकपुड्यांच्या बाजूची जागा यांवरच्या पुळीला तर हातही लावू नये. तेथल्या शिरांचा संबंध डोळ्यांमागून मेंदूजवळच्या शिरांशी येतो आणि जंतू त्या वाटेने वर गेल्यास जिवावर बेतते.

मधुमेह आणि काळपुळी

केसतोडाचे मूळ एका केसाशी असते. अशी अनेक केसतोडे आतून एकमेकांना मिळाली की काळपुळी होते. मान आणि पाठ येथे कातडी जाड असते, त्यामुळे पुवाला वर यायला वाट सापडत नाही, तो आडवा पसरतो आणि चाळणीसारखी अनेक तोंडे पडतात. ज्याच्या रक्तात साखर वाढलेली आहे त्याच्या पांढऱ्या पेशी मंदावतात, जंतूंचे फावते. जंतुसंसर्गामुळे साखर आणखी वाढते. असे हे चक्र आहे.

आता सासऱ्यांच्या म्हणण्याकडे वळू. मधुमेह्याची जखम भरायला वेळ लागतो हे खरे. पण त्यांची जखम चिरेने होणार नाही, ती आठ दिवसांपूर्वीच झाली आहे आणि आतून दररोज वाढते आहे. चीर दिल्याने तिच्यातली घाण व मेलेले मांस बाहेर निघते, साखर आटोक्यात येऊ लागते, आणि मगच ती भरण्याच्या मार्गाला लागते. अशा रुग्णाला बहुधा काही दिवस इन्सुलीन द्यावे लागते. ‘एकदा इन्सुलीन सुरू झाले की सुटत नाही’ ही भीतीही निराधार आहे. संसर्ग गेल्यावर पुष्कळांना पुन्हा गोळ्यांवर आणता येते. वडीलधाऱ्या माणसाशी वाद घालून उपयोग होत नाही, तेव्हा घरच्यांनी त्यांना ‘चीर’ हा शब्द न उच्चारता आधी साखर तपासायला न्यावे. उरलेले काम डॉक्टर करतील.

याची दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. चाळिशीच्या पुढच्या माणसाला, ज्याला मधुमेह असल्याचे ठाऊक नाही, पहिली सूचना अनेकदा गळवाकडूनच मिळते. मोठे गळू झाले किंवा वरचेवर गळवे येऊ लागली की रक्तातली साखर तपासून घ्यावीच. वरचेवर येणाऱ्या गळवांना लोक ‘रक्त बिघडले’ म्हणतात आणि रक्तशुद्धीच्या बाटल्या आणतात. बिचाऱ्या आंब्यावर तर दरवर्षी आळ येतो! उन्हाळ्यातला घाम, धूळ आणि काच यांचे पाप आंब्याच्या माथी मारले जाते. खरे कारण पुष्कळदा असे असते की घरातल्या एकाच्या नाकात जंतूंनी घर केलेले असते आणि एकाच टॉवेलने सारे अंग पुसतात. टॉवेल, दाढीचे पाते, उशीचे अभ्रे वेगळे करावेत. जरूर पडल्यास डॉक्टर नाकात लावायचे मलम देतात.

जागा बदलली की उपाय बदलतो

अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनात दूध साचून, बोंडाला चीर पडून गळू होते. अशा वेळी सासू, आई, शेजारीण सगळ्या बाळाला तोडायला सांगतात. ते चूक आहे. दूध तुंबले की दुखणे वाढते. बाळाला पाजत राहावे. त्या बाजूला फारच दुखत असेल किंवा चीर बोंडाजवळ असेल तर तेवढ्यापुरते दूध पिळून काढावे. हल्ली पुष्कळदा सोनोग्राफीत पाहून सुईने पू ओढून घेतात, एकापेक्षा जास्त वेळा ओढावा लागतो, पण मोठी चीर टळते.

गुदद्वाराजवळच्या गळवाबद्दल लोक संकोचाने बोलत नाहीत. मूळव्याध समजून मलम लावीत राहतात. बसवत नाही इतका ठणका आणि ताप असेल तर ती मूळव्याध नव्हे. उशीर केल्यास गुंता वाढतो, आणि वेळेवर चीर देऊनही काहींना पुढे भगंदर होते, याची कल्पना आधीच असलेली बरी. दाताच्या मुळाशी झालेल्या गळवाचा निचरा दातावाटेच करावा लागतो, म्हणजे रूट कॅनाल करून किंवा दात काढून. गोळ्यांनी गालाची सूज उतरली तरी मूळ तेथेच असते. वाहत्या कानाकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष केल्यास जंतू मेंदूपर्यंत पोचून तेथे गळू होऊ शकते. नुसता कान वाहतो म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दोन गळवांना मात्र वरचा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. एक यकृताचे. दूषित पाण्यातून पोटात गेलेला अमीबा आतड्यातून यकृतात जाऊन तेथे गळू करतो. पुरुषांत, विशेषतः दारू पिणाऱ्यांत हे जास्त आढळते. ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे, कधी उजव्या खांद्यात कळ. येथे मेट्रोनिडॅझोल हे औषध उत्तम काम करते आणि बहुतेकांना चीर लागत नाही. गळू फार मोठे किंवा फुटण्याच्या बेतात असेल तरच सुईने अथवा नळीने निचरा करतात. नंतर आतड्यातल्या अमीबासाठी वेगळे औषध घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून ते टाळू नये.

दुसरे क्षयाचे थंड गळू. मानेवरच्या गाठींतून किंवा मणक्यातून ते येते. ना लाली, ना उष्णता, ना ठणका. हळूहळू फुगत जाते. हे साधे गळू समजून उघडे चिरले तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहते. सुईने पू काढून तपासतात आणि क्षयाची औषधे देतात, निदान सहा महिने, हाडाचा क्षय असल्यास त्याहून अधिक. सरकारी केंद्रांत ती मोफत मिळतात.

चिरेची भीती

साध्या गळवाला जागेपुरती भूल देतात. सुजलेल्या जागेत आम्लता असल्यामुळे भुलेचे इंजेक्शन पूर्ण परिणाम करीत नाही, थोडे दुखते हे आधीच सांगितलेले बरे. मुलांना, मोठ्या किंवा अवघड जागेच्या गळवाला पूर्ण भूल देतात. चीर पुरेशी मोठी देऊन आतले कप्पे मोकळे करतात. जखम टाके घालून बंद करीत नाहीत हे पाहून नातेवाईक बिचकतात. पण ती तळापासून वर भरत यावी लागते. वरचे तोंड आधी मिटले तर पू पुन्हा साचतो. लिस्टरला राणीच्या दंडाखाली नळी बसवावी लागली ती याच कारणाने. पहिल्याच रात्री पुष्कळांना शांत झोप लागते, इतका ठणका उतरतो. मलमपट्टी मात्र ठरल्या दिवशी चुकवू नये.

मग प्रतिजैविके लागतच नाहीत का? ताप असेल, लाली भोवती पसरत असेल, चेहऱ्यावर गळू असेल, मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर ती द्यावीच लागतात. अमेरिकेत २०१६ आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहण्यांत तर साध्या गळवातही चिरेच्या जोडीला योग्य औषध दिल्यास थोडा अधिक फायदा दिसला. पण जोडीला, चिरेऐवजी नव्हे. आणि कोणते औषध हे दुकानदाराने ठरवायचे नाही. शक्य तेथे पू तपासायला पाठवून ठरवावे.

काही लक्षणे दिसली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे : थंडी वाजून ताप, बरळणे किंवा ग्लानी, गळवापासून निघालेली लाल रेघ, तोंड उघडता न येणे, हनुवटीखाली सूज येऊन गिळताना वा श्वास घेताना त्रास, डोळ्याभोवती सूज, आणि कातडी काळी-निळी पडून दिसते त्याहून कितीतरी जास्त वेदना. यांपैकी शेवटच्या प्रकारात जंतू कातडीखालचे थर तासातासाने खात पुढे सरकतात. मधुमेही पुरुषाच्या जांघेत किंवा अंडकोशावर अशी सूज दिसली तर लाजेने एक रात्रही दवडू नये.